हेल्मेट घालू की ओढणी सांभाळू?

सायकलने ऑफिसला जायचं ठरवलं, तर सायकल घरात यायच्या आधी सल्ले येऊन पोहोचले. नवरा म्हणाला, हेल्मेट घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचं नाही. मुलाने मोबाइलवर पोपटी रंगाचं चमकणारं जाकीट दाखवलं, सोबत मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि हँडलला लावायचा आरसा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रस्त्याच्या अगदी कडेकडेने जा, म्हणजे कुणाच्या मध्ये यायला नको." आणि पत्थर गोदाम रोडवरच्या सायकलवाल्याने चाकात हवा भरता भरता नेमकं उलट सांगितलं, "भाभीजी, एकदम किनारे मत चलना. किनारेवाला ही गिरता है."

आता ऐकायचं कुणाचं?

मी स्नेहलतागंजात राहते, ऑफिस विजयनगरला. मालवा मिल, पाटनीपुरा, भमोरी, रसोमा असा पाचेक किलोमीटरचा रस्ता. इतकी वर्षं तो स्कूटरवर कापला. सायकल शाळेनंतर सुटली ती सुटलीच. पुन्हा धरायचं निमित्त झालं 22 सप्टेंबरचं. 2023 पासून आपल्या इंदूरात त्या दिवशी 'नो कार डे' पाळतात. साहेबलोक त्या दिवशी सायकलवर, बसमध्ये दिसतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. आमच्या ऑफिसातही लिफ्टशेजारी 'सायकलने कामावर या' असं पोस्टर लागलं. त्यात एक गोरापान माणूस रिकाम्या, झाडांच्या रस्त्यावरून चाललेला. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, अंगात ते पोपटी जाकीट. ते बघून पहिला विचार आला तो असा, की इतकी तयारी लागत असेल तर हे काम फार जोखमीचं दिसतंय. बोलवायला लावलेलं पोस्टर घाबरवूनच सोडत होतं.

तरी निघाले. पोस्टरवाल्या माणसाकडे ओढणी नव्हती आणि पहिला घोळ तिथेच झाला. मालवा मिलच्या अलीकडे ओढणीचं टोक मागच्या चाकाकडे ओढलं जायला लागलं. नशीब, वेग नव्हता, लगेच उतरले. सुरक्षेची इतकी पत्रकं वाचली होती, पण ओढणी, पदर, सलवारीचा घेर यांच्याबद्दल एका ओळीची सूचना कुठे नव्हती. सायकलवाल्याने मात्र न विचारता इलाज केला. पूर्ण चेनकव्हर बसवलं, मागच्या चाकाला दोन्हीकडून जाळी लावली आणि म्हणाला, "अब साड़ी में भी चलाओ." आत्तापर्यंत सुरक्षेवर केलेल्या खर्चात सगळ्यात उपयोगी पडलेला तो हाच.

दुसरा घोळ चौराह्यावरचा. सायकलस्वाराने डावीकडून चालावं, हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक. पण आपल्याकडे सिग्नलला डावं वळण मोकळं, लेफ्ट टर्न फ्री. मला जायचं सरळ. डावीकडे थांबले की मागून हॉर्न, "मैडम, लेफ्ट फ्री है!" मधे सरकावं तर स्कूटर, ई-रिक्षा आणि मॅजिक गाड्या यांच्या बेचक्यात. सुरुवातीला मी सरळ खाली उतरायची आणि सायकल हातात धरून, पायी चालणाऱ्यांबरोबर चौराहा ओलांडायची. लोक बघायचे. बघोत.

हे कोडं सोडवलं आमच्या ऑफिसच्या सिक्युरिटी गार्डने. तो बाणगंगेकडून रोज सायकलने येतो, पावसातसुद्धा. त्याने सांगितलं, सिग्नलला सगळ्यांच्या पुढे जाऊन उभं राहायचं, पहिल्या रांगेतल्या ड्रायव्हरला आपण दिसलो पाहिजे. हिरवा झाला की घाई न करता सरळ रेषेत निघायचं, डगमगायचं नाही. उभ्या गाडीच्या बाजूने जाताना दाराएवढी जागा सोडायची, कोण कधी दार उघडेल नेम नाही. आणि कडेला अगदी चिकटायचं नाही, तिथे खड्डा, जाळी, रेती, कुत्रं काहीही असतं. म्हणजे सायकलवाल्याचं म्हणणं खरं निघालं. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

मी गार्डला विचारलं, हेल्मेट का नाही घालत? तो हसला. ज्या किमतीत मी हेल्मेट आणलं, त्याच्या आसपास त्याची अख्खी जुनी सायकल आली होती. आमच्या पोस्टरकडे त्याने कधी पाहिलंही नसेल. त्याला सायकलवर या म्हणून कुणी सांगावं लागत नाही आणि तो सुखरूप पोहोचला का, हेही कुणी विचारत नाही. गवंडी, कामवाल्या बाया, पेपर टाकणारी पोरं, चौकीदार हेच या शहरातले खरे सायकलने कामावर जाणारे. प्रोत्साहन मात्र आमच्यासारख्यांना.

हेल्मेटचा विषय इंदूरात तसाही तापलेला होता. 1 ऑगस्ट 2025 पासून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू झाला, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. पंपावर लोक एकमेकांची हेल्मेटं घालून पेट्रोल भरायला लागले, आणि दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून आलेल्या एकाचा व्हिडिओ गावभर फिरला. स्कूटरला हेल्मेट हवंच, त्यात मला शंका नाही. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळजवळ 45 टक्के दुचाकीवाली. पण सायकलला पेट्रोल लागत नाही, आणि हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम सायकलला लागू नाही. मग मी घालायचं की नाही?

मुलगा इंटरनेटवरून दोन्ही बाजूंचे पुरावे आणून माझ्यापुढे टाकायचा. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर नावाचे मानसशास्त्रज्ञ सायकलला अंतर मोजायचं यंत्र लावून स्वतः फिरले. 2006 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हेल्मेट घातलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घातला, तर गाड्यांनी उलट जास्त जागा सोडली. (पाटनीपुऱ्यात माझे खरे केस पाहून कुणी बोटभरही सरकत नाही, ते असो.) पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांवरून त्यांच्या निष्कर्षाला आव्हान दिलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हापासून वाद चालूच आहे, की त्याने डोकी वाचली की सायकली कमी झाल्या. आणि नेदरलँड्समध्ये आज्ज्यासुद्धा उघड्या डोक्याने सायकल चालवतात. कारण तिथे 1970 च्या दशकात आईबाप रस्त्यावर उतरले होते. 1971 या एका वर्षात तिथे चारशेहून जास्त मुलं रस्त्यांवर मेली होती. त्या लोकांनी मुलांसाठी हेल्मेटं मागितली नाहीत, रस्ते मागितले. गाड्यांचा वेग कमी करून घेतला आणि सायकलसाठी वेगळी वाट पाडून घेतली.

आम्हाला वाट मिळाली नव्हती असंही नाही. 2013 मध्ये एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा. आराखड्यात तिच्या कडेने सायकल ट्रॅक होता. विजयनगरला मी रोज त्याच रस्त्यावर उतरते. त्या ट्रॅकवर गाड्या उभ्या राहिल्या, ठेले लागले आणि सायकल मुख्य रस्त्यावर ढकलली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने अख्खी बीआरटीएसच काढायला परवानगी दिली. बसच्या मार्गिकेवर शहरात खूप बोलणं झालं. सायकलच्या मार्गिकेसाठी हळहळणारं कुणी मला तरी भेटलं नाही.

सासूबाईंना हे सगळं अजब वाटतं. त्यांचे सासरे मिलमध्ये होते. भोंगा झाला की मालवा मिलचा रस्ता सायकलींनी भरून जायचा, टांगे नि मोटारी उभ्या राहायच्या, असं त्या सांगतात. हेल्मेट कुणाच्याही डोक्यावर नव्हतं, बहुतेकांच्या डोक्यावर टोपी. रात्री दिवा नसला तर पोलिस धरायचा, एवढीच काय ती सुरक्षा मोहीम. मला आधी वाटलं, जुन्या लोकांना जुनं सगळं गोड. पण पीटर जेकबसन या संशोधकाचा 2003 चा अभ्यास सांगतो तेच: जिथे सायकलवाले जास्त, तिथे दर सायकलवाल्यामागे धोका कमी, कारण गाडीवाल्यांना त्यांची सवय होते. पण ती सायकलींची गर्दी टिकली नाही. डिसेंबर 1991 मध्ये इथली हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. भोंगे थांबले तशा त्या रस्त्यावरच्या सायकलीही पांगल्या, आणि आता मी तिथून जाते ती एकटीदुकटी.

15 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी विमानतळ रस्त्यावर नो-एंट्रीत शिरलेला ट्रक माणसांना, गाड्यांना चिरडत बडा गणपतीकडे गेला. माणसं मेली. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांनी पोपटी जाकिटं घातली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी ऑफिसात पोस्टरखाली उभं राहून विचारला. उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

मी हेल्मेट घालते. स्वतःहून पडले तर डोकं वाचेल, एवढाच त्याचा हिशेब मी धरते. दिवा तर हवाच, कारण संध्याकाळी भमोरीकडे अंधार असतो. घंटी हवी, ब्रेकच्या गुटक्या वेळेवर बदलायला हव्यात. मुलाने मागवलेलं जाकीट मात्र परत करायला लावलं. यापलीकडे माझ्याकडून करण्यासारखं काही उरत नाही. मला वाचवायचं बाकीचं काम मागून येणाऱ्याच्या हातात आणि पायाखाली आहे. सगळी पत्रकं मात्र मलाच उद्देशून लिहिलेली. सावध राहा, दिसत राहा, कडेने चला. स्टिअरिंगवर बसलेल्यासाठीचं एक पोस्टर कुठल्या लिफ्टशेजारी लागलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी, जे गाडीने जाता. पुढे सायकल दिसली तर हॉर्न नका वाजवू, त्याने आम्ही दचकतो आणि हँडल हलतं. युरोपात बऱ्याच देशांत सायकलच्या बाजूने दीड मीटर सोडूनच पुढे जायचा नियम आहे. आपल्या रस्त्यावर तेवढी जागा नसेल, तर जागा होईपर्यंत मागे राहा. दार उघडण्याआधी आरशात बघा. आणि लेफ्ट फ्री असला, तरी सरळ जाणारी एक सायकल पुढे उभी असेल तर सिग्नल सुटेपर्यंत थांबा.