टाळ्यांचें ठिगळ

ध्वनिमुद्रिकेवर टाळ्या ऐकूं आल्या कीं श्रोता निर्धास्त होतो. हें वादन बंद खोलींत घोटून बसविलेलें नाहीं, माणसांसमोर घडलेलें आहे, अशी ती ग्वाही असते. ती कितपत खरी मानावी, हा प्रश्न 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' या तबकडीनें मला घातला.

ड्यूक एलिंग्टन हा अमेरिकन जाझचा थोर रचनाकार. पण महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद पोसणें परवडेनासें झालें, आणि 1955 च्या उन्हाळ्यांत या मानी माणसाला न्यूयॉर्कमधील एका जलक्रीडेच्या खेळास साथ करावी लागली! अशा पडत्या काळांत, 7 जुलै 1956 च्या रात्रीं, न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवांत त्यानें आपली 1937 सालची एक जोडरचना काढली. तिच्या दोन भागांमध्यें पॉल गोन्साल्व्हिस यानें टेनर सॅक्सोफोन वाजवावयाचा होता. (या नांवानें आपल्या वाचकास गोवा आठवेल, पण त्याचें घराणें पोर्तुगीजांच्या ताब्यांतील केप व्हर्द बेटांकडचें.) बारा बारांचें एक आवर्तन, अशीं 27 आवर्तनें तो थांबलाच नाहीं. काळ्या पोषाखांतील एक बाई उठून नाचूं लागली; लोक खुर्च्यांवर चढले; रंगमंचाच्या कडेला जो जोन्स हा नामांकित ड्रमवादक गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानें ठेका देत होता. चढलेली मैफल ज्यानें पाहिली आहे, त्यास अधिक सांगावयास नको.

गंमत पुढेंच आहे. रंगमंचावर कोलंबिया कंपनीचा मायक्रोफोन होता, तसाच 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या सरकारी नभोवाणीचाहि होता. आणि गोन्साल्व्हिस वाजवीत राहिला तो नभोवाणीच्या मायक्रोफोनांत! त्यामुळें तबकडीवर तो जणूं शेजारच्या आळींतून ऐकूं येतो. उलट, महोत्सवासाठीं मुद्दाम रचलेली मालिका दोन दिवसांनीं स्टुडिओंत बहुतांशीं पुन्हा वाजवून घेण्यांत आली, व तिच्यावर टाळ्या चिकटविण्यांत आल्या. म्हणजे जें स्वच्छ तें उसनें, आणि जें अस्पष्ट तें अस्सल! पुनर्मुद्रणाबद्दल एलिंग्टनला बोल लावावा असें मला वाटत नाहीं. रचना नवी, तालमी अपुऱ्या. आपला बेसूर जगभर जावा असें कोणा कलावंतास वाटेल? परंतु टाळ्या चिकटविणें ही निराळी गोष्ट. ती श्रोत्याच्या विश्वासाची चोरी आहे.

पुढें नभोवाणीची फीत सांपडली, आणि 1999 सालीं दोन्ही मुद्रणें जुळवून संपूर्ण कार्यक्रम प्रसिद्ध झाला. आतां गोन्साल्व्हिस अगदीं समोर उभा राहतो. त्याच्या श्वासाचीहि चाहूल लागते. पाठचिकित्सेवर भक्ति असलेला प्राध्यापक या नात्यानें मी या नव्या प्रतीस प्रमाण मानतों, आणि विद्यार्थ्यांना तीच ऐकवितों. घरीं मात्र हात जुन्या तबकडीकडे जातो. तिच्यांत वादकापेक्षां जमावच जवळ आहे. आपण मागल्या रांगेंत, टांचा उंचावून उभे. पुढें कांहीं तरी विलक्षण चाललें आहे, आणि मध्यें एलिंग्टनच्या आरोळ्या. त्या रात्रीं पुष्कळांनीं तें असेंच ऐकलें असेल.

नव्या प्रतींत आणखी एक लाभ आहे. जमाव अनावर होईल या भीतीनें चालक कार्यक्रम आंवरूं पाहत आहेत, आणि एलिंग्टन अत्यंत गोड शब्दांत त्यांचें न ऐकतां पुढची रचना सुरू करीत आहे!