धावदोऱ्याची ऊब

साशिको म्हणजे जपानी भरतकाम, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र ती थंडीशी केलेली तडजोड वाटते. टाका आपल्या गोधडीतला, साधा धावदोरा. उत्तर जपानच्या कडाक्यात, त्सुगारूत, कापूस पिकत नसे. त्यात 1724च्या फर्मानाने शेतकऱ्यांना सुती कपड्यांची बंदी. अंगावर भांगेच्या वाखाचं विरळ, निळं कापड. त्यातून वारा शिरे, म्हणून बायका उभे धागे मोजून, विषम संख्येने उचलून पांढऱ्या दोऱ्याने (पुढे सुती दोरा मिळू लागला) फटी बुजवत. या प्रकाराला कोगिन म्हणतात. मग नक्षी कशाला, ऊब तर वेड्यावाकड्या टाक्यांनीही आली असती, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण धागे मोजूनच टाका घालायचा तर शंकरपाळ्यांचे आकार जमू लागतात, आणि त्यांची जुळणी कशी करायची एवढी मोकळीक त्या बाईच्या हाती उरते. ती तिने पुरेपूर वापरली. तरी गरिबीचे गोडवे नकोत. 1891मध्ये याच भागातल्या आओमोरीपर्यंत रेल्वे आली, सुती कापड सहज मिळू लागलं आणि बायकांनी कोगिन हळूहळू सोडलं. 1932मध्ये जपानी लोककलेचे पुरस्कर्ते सोएत्सु यानागी यांनी त्याची वाखाणणी केली, तेव्हा ते जवळजवळ थांबलेलंच होतं.