सदरच्या ताटात सारे जबलपूर

भेडाघाट पाहिला की जबलपूर संपले, असा बहुतेक पर्यटकांचा समज असतो. सकाळच्या गाडीने उतरायचे, थेट भेडाघाट गाठायचा, नावेतून संगमरवरी कडे पाहायचे, एखादी दगडी मूर्ती खरेदी करायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे! अशा धावपळीत जे राहून जाते, त्याचे नाव सदर.

सदर म्हणजे जबलपूरच्या लष्करी छावणीची बाजारपेठ. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला जुने शहर, तर दुसऱ्या अंगाला सिव्हिल लाइन्स आणि छावणी. स्टेशनवरून रिक्षा केली तर फारसा वेळ न लागता सदरला पोहोचता येते. जुन्या शहरातल्या वळणावळणाच्या बोळांची सवय झालेल्या डोळ्यांना इथली सरळ आखलेली वस्ती लगेच वेगळी वाटते. गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक! पत्ता विचारला की "अमुक नंबरची गल्ली" असे उत्तर मिळते. चर्च, देऊळ, शिंपी, बेकरी, मिठाईवाला असे सगळे हाकेच्या अंतरावर.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७९८ साली पेशव्यांनी मंडला-जबलपूरचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना दिला. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला आणि येथे छावणी वसवली. पुढे मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूरचा सरकारी कागद नागपूरलाच जात असे. नोकरी, वकिली, शिक्षकी अशा निमित्ताने इथे आलेली मराठी घराणी इथलीच झाली. त्यामुळे बाजारात "काय हो, नागपूरकडचे का?" असा प्रश्न कानी पडला, तर दचकायचे कारण नाही.

सकाळची सुरुवात

सदरची ओळख करून घ्यायची तर ती पोटातूनच करून घ्यावी. सकाळी टपऱ्यांवर पोह्यांची वाफ दिसू लागते. वर शेव, कांदा, लिंबू आणि शेजारी गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी ही कल्पना मराठी माणसाला प्रथम खटकते. नागपूरकर तर तर्री कुठे आहे, म्हणून शोधत राहतात! पण तिखट घासानंतर गोड घास घेतला, की दुसरी प्लेट मागवावीच लागते. जोडीला मुगाच्या डाळीचे कुरकुरीत मंगोडे आणि हिरवी चटणी.

नाश्ता झाल्यावर पाय आपोआप वळतात ते इंडियन कॉफी हाऊसकडे. पांढरा गणवेश आणि तुरेदार फेटा घातलेले वाढपी, जाड कपातली कॉफी, डोसा, कटलेट. सकाळी वृत्तपत्र उघडून बसलेले पेन्शनर, दुपारी वकील आणि पत्रकार, संध्याकाळी मुलाबाळांसह आलेली कुटुंबे. कोणी कितीही वेळ बसले तरी उठवत नाहीत.

या कपामागची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ही कॉफी हाऊसेस मुळात कॉफी बोर्डाची. १९५० च्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांवर उपासमारीची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवले, की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि हॉटेले चालवा. १९५७ साली बंगळूरला पहिली संस्था निघाली, मग गावोगावी. जबलपूरच्या कामगारांनीही आपली संस्था उभारली. तिने मध्य प्रदेशात आणि बाहेरही शाखा काढल्या. म्हणजे इथे जो फेटेवाला कॉफी आणून ठेवतो, तो कुणा शेठचा नोकर नसून या संस्थेचा माणूस असतो. नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्या माणसांनी टिकवलेली ही चव आहे, हे कळले की कॉफीची गोडी आणखी वाढते.

जिलबी, पण काळी!

दुपारी रेल्वेमार्ग ओलांडून जुन्या शहरात एक फेरी मारावी. कमानिया गेटची भव्य कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण करून देते. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असतानाही इथे आले होते.

याच भागात बडकुल हलवायांचे जुने दुकान आहे. जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलबी खावी ती इथे. ही जिलबी पिवळीधमक नसते. खवा आणि अरारूट यांचे पीठ तुपात तळले की ती गडद तपकिरी, जवळजवळ काळी होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, करपली की काय! दाताखाली मात्र ती गुलाबजामसारखी मऊ लागते. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी खाल्लेल्यांना ही तिची बहीणच वाटेल. एका माणसाला दोन पुरे होतात. तिसरीचा मोह आवरावा, कारण संध्याकाळ अजून बाकी असते.

नर्मदामैयाच्या काठी

दुसरा दिवस भेडाघाटासाठी राखून ठेवावा. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. वाटेत तेवर गाव लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. त्यांच्याच काळातले, दहाव्या शतकातले चौसष्ट योगिनींचे गोलाकार देऊळ भेडाघाटच्या टेकडीवर आहे. शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी दमादमाने चढावे. भग्न झाल्या तरी योगिनींच्या मूर्तींचे सौंदर्य लपत नाही.

धुवांधार धबधब्याशी तुषारांचा खरोखरच धूर झालेला असतो. मग पंचवटी घाटावरून नाव घ्यावी. दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंतचे पांढरे, करडे, निळसर कडे आणि मधून शांत नर्मदा. नावाडी वल्हे मारता मारता यमके जुळवत वर्णन ऐकवतात. 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटाचे चित्रीकरण कुठे झाले, तेही दाखवतात. राज कपूर जबलपूरचे जावईच, कारण त्यांच्या पत्नी कृष्णा या इथल्या मल्होत्रा कुटुंबातल्या, अभिनेते प्रेमनाथ यांच्या भगिनी. लहानपणी भिंतीवरून चढून फुकट सिनेमा पाहताना पकडले गेलेल्या प्रेमनाथांनी पुढे तेच एम्पायर थिएटर विकत घेतले, हा किस्सा जबलपूरकर आजही रंगवून सांगतात.

पावसाळ्यात नावा बंद असतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. पौर्णिमा साधता आली तर सोन्याहून पिवळे!

परतताना मदनमहालाच्या टेकडीवरची तोललेली शिळा पाहावी. एवढीशी टेकण असलेला हा प्रचंड दगड २२ मे १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही. त्या पहाटे शहरातली कितीतरी पक्की घरे मात्र कोसळली. सूर्य मावळताना ग्वारीघाट गाठावा. नर्मदेची आरती सुरू होते, पाण्यावर दिवे तरंगू लागतात. गर्दीत पांढऱ्या वेशातले, खांद्याला झोळी लावलेले परिक्रमावासी दिसतात आणि त्यांत मराठी बोल हमखास कानी येतात. "नर्मदे हर!" म्हटले की त्यांना कुणी शिधा देतो, कुणी चहा पाजतो. त्यांना उपाशी जाऊ देऊ नये, ही काठावरची रीत आहे.

पुन्हा सदर

रात्री सदरला परतावे. दिवे लागलेले असतात, चाटच्या गाड्यांभोवती कोंडाळी जमलेली असतात. इथे पाणीपुरी मागू नये, 'फुलकी' मागावी. सुटीवरचे जवान, शिकवणीहून सुटलेल्या मुली, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, सगळे एकाच गाडीभोवती द्रोण धरून उभे असतात.

साहेबांच्या सोयीसाठी आखलेल्या या बाजारात साहेबांची बेकरी आली, दक्षिणेकडचा डोसा आला, पोह्यांची बशी आली आणि बुंदेलखंडी मंगोड्यांशेजारी सुखाने नांदू लागली. साहेब गेला, पण ताट भरलेलेच राहिले. भेडाघाटचे कडे निसर्गाने घडवले. सदरचे हे ताट मात्र ठिकठिकाणांहून पोटासाठी आलेल्या माणसांनी मिळून वाढले आहे. जबलपूरला आल्यावर दोन्ही पाहावे, आणि त्यातले एक चाखूनही पाहावे. त्यासाठी परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढावे, एवढेच!