डीडीच्या आधी तू

प्रिय एलएसबीएलके,

टर्मिनलमध्ये तुझं नाव टाईप केलं की लिनक्सला जोडलेल्या सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशनं आणि ती कुठे माउंट झाली आहेत, हे झाडासारखं समोर उलगडतं. 'एफडिस्क -एल' डिस्क उघडून वाचते, म्हणून तिला रूटचे अधिकार लागतात. तू कर्नलने सिसएफएसमध्ये मांडलेली माहिती वाचतेस, म्हणून साध्या यूजरलाही उत्तर देतेस. मॅकवर डिस्कची यादी 'डिस्कयुटिल लिस्ट' देते, फ्रीबीएसडीवर 'जिऑम डिस्क लिस्ट'. मला सवय तुझी.

ती सवय मोठी किंमत मोजून लागली. एका रात्री पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशनची इमेज उतरवायची होती. पेनड्राइव्ह म्हणजे एसडीबी, हे डोक्यात पक्कं. पण त्या दिवशी मशीन सुरू करतानाच बॅकअपची डिस्क लावलेली होती. एसडीबी ती झाली आणि पेनड्राइव्ह एसडीसी. इमेज डिस्कवर लिहिणारी डीडी ही कमांड काहीच विचारत नाही, सांगाल तिथे लिहीत सुटते. घरातले अकरा वर्षांचे फोटो गेले. तुला विचारायला दोन सेकंद लागले असते.

'एसडी'नंतरची ही अक्षरं डिस्कची कायमची नावं नव्हेतच. कर्नलला जी आधी सापडेल तिला आधीचं अक्षर. पुढच्या बूटला क्रम बदलू शकतो. म्हणून आता मी तुला '-ओ' लावून आकार, मॉडेल, सिरियल नंबर आणि जोडणीचा प्रकार विचारतो. एक टीबीची डिस्क तू 931.5जी दाखवतेस, कारण कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि तू 1024च्या. 32 जीबीचा पेनड्राइव्ह 29जीच्या आसपास दिसतो. हे दोन आकडे शेजारी दिसले की चूक व्हायला जागाच उरत नाही. डिस्क काढता येण्याजोगी आहे का हे सांगणाऱ्या 'आरएम' या रकान्यावर मात्र मी विसंबत नाही: यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्कही तिथे बहुधा 0 दाखवते. जोडणीच्या रकान्यात 'यूएसबी' आलं की ती यूएसबीने जोडलेली आहे याची खात्री पटते.

हे पत्र वाचणाऱ्यांना एकच विनंती. डीडी चालवण्याआधी पेनड्राइव्ह काढून एकदा एलएसबीएलके चालवा, मग लावून पुन्हा चालवा. दुसऱ्या यादीत जी डिस्क नव्याने आली, तोच तुमचा पेनड्राइव्ह.

तुझा,
एक रोजचा वापरकर्ता