कळंब्याचे छोटे घोडे

कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात कळंबा लागते. परगावच्या माणसाला हे नाव ठाऊक असते ते तुरुंगामुळे, कोल्हापूरकराला मात्र तलावामुळे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी येथे अडवले आहे आणि एके काळी कोल्हापूर शहर हेच पाणी पीत असे. आता शहर वाढत वाढत तलावापाशी येऊन पोचले आहे. उसाच्या फडाशेजारी बंगले उभे राहिले आहेत, आणि सकाळी तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते.

याच रस्त्यावर मला एक घोडागाडी दिसली. कोल्हापुरात घोडागाडीचे नवल कुणाला वाटू नये. राजर्षी शाहू महाराज (1874–1922) स्वतः नामांकित सारथी होते. त्यांच्या ‘खडखड्या’च्या, म्हणजे नव्या घोड्यांना सरावासाठी जोडायच्या त्या दणकट गाडीच्या, कथा येथे अजून सांगतात. त्यांच्यामागे टांगे पुष्कळ वर्षे टिकले आणि रिक्षा आल्यावर हळूहळू गेले. पण ही गाडी निराळी होती. घोडे माझ्या कमरेएवढे, गाडी त्याच्याच बेताची, आणि गाडीत एक आजोबा व त्यांचा नऊ-दहा वर्षांचा नातू.

शेटलंड बेटांवरची अशी ठेंगणी तट्टे ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत गाड्या ओढत. अमेरिकेत तर अशा घोड्यांची स्वतंत्र संस्था आहे, आणि आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजून 34 इंचांहून उंच भरलेल्या घोड्याला तिच्यात जागा नाही. कळंब्याच्या या घोड्याला कुळी नव्हती. नातवाच्या हौसेखातर ते बाजारातून आले होते.

मात्र घोडे सुखात नव्हते. दर दहा पावलांना मान वर फेकी, तोंड वासून जीभ बाहेर काढी. आजोबा म्हणाले, “घरात गरीब हाय बघा सर, पोरानं शेपटी वडली तरी हूं का चूं करत न्हाई. गाडीला जोडलं की अंगात येतंय. काटेरी लगाम घाल म्हणत्यात सगळी.”

माझ्यासोबत माझे एक स्नेही होते. जन्मभर जनावरांचे डॉक्टर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झालेले. ते खाली उतरले आणि म्हणाले, “काटेरी लगामाला कायद्यानं बंदी आहे, 1965 सालापासून. आधी तोंड उघडून बघू.”

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तेथेच बसते. तेथे हाडावर पातळ हिरडीखेरीज काही नाही; आपली नडगी असते तसे. या घोड्याची हिरडी एका बाजूला सोलवटली होती आणि दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या. लगाम होता कुठल्याशा टांग्याच्या घोड्याचा, पाच इंचांचा. एवढ्याशा तोंडात तो इकडून तिकडे सरके, आणि मधल्या सांध्यावर दुमडून जिभेला चिमटा घेई.

डॉक्टरांनी मग आम्हा तिघांची तेथेच शिकवणी घेतली. छोटे घोडे म्हणजे मोठ्या घोड्याची लहान प्रत नव्हे. त्याचा जबडा आखूड, पण दात त्या मानाने मोठे. जीभ जाड आणि टाळू खाली आलेला. म्हणून जाड दांडी ती मऊ, हा नेहमीचा समज येथे चालत नाही. तोंडात तिला जागाच नसते. दहा-बारा मिलिमीटरची गुळगुळीत दांडी पुरते. ती सरळ किंवा किंचित बाकदार असावी, किंवा दोन सांध्यांची. माप काढायला एक गुळगुळीत काडी तोंडात आडवी धरायची, ओठांच्या दोन्ही कडांशी खुणा करायच्या, आणि त्यात पाव ते अर्धा इंच मिळवायचा. बहुतेक छोट्या घोड्यांना साडेतीन ते चार इंच लागतात. दांडी ओठांच्या कोपऱ्याला जेमतेम टेकावी. फार तर एक हलकी सुरकुती पडावी. कडीला उभी पट्टी असली म्हणजे रास ओढताना कडी तोंडात घुसत नाही.

“आणि हनुवटीखाली साखळीचा लगाम?” मी विचारले.

“तो तरफेसारखा काम करतो. शेरभर ओढावं आणि पासरीभर लागावं. तो जाणत्या हाताचा लगाम. पोराच्या हाती देऊ नका.”

स्वाराला निदान मांड असते. पायांनी, बैठकीने तो घोड्याशी बोलू शकतो. गाडीवाल्याजवळ रास, आवाज आणि चाबूक एवढेच. त्यामुळे सारा संवाद त्या चार इंच लोखंडातून चालतो. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकातल्या एरियन या ग्रीक लेखकाने भारताच्या वर्णनात येथल्या घोड्यांच्या तोंडाभोवती, आतून टोचण्या लावलेल्या चामडी पट्ट्याची नोंद केली आहे. म्हणजे काट्यांचा मोह जुनाच. मी मराठीचा मास्तर. मला आपली भाषा आठवली. लगाम घालणे, लगाम खेचणे, लगाम हाती घेणे, बेलगाम सुटणे. हे सारे हाताच्या बाजूचे बोलणे झाले. तोंडाच्या बाजूने बोलणारा एकही वाक्प्रचार मला त्या वेळी सुचला नाही.

डॉक्टरांनी लगाम काढला, पुसला आणि नातवाच्या दोन्ही मुठींत दिला. “तू घोडा हो. आजोबा, रास धरा आणि रोजच्यासारखी ओढा.” आजोबांनी ओढली. पोर ओरडले, “आजोबा, हळू की! हात निसटतोय!” आजोबा नातवाच्या तळहाताकडे बघत राहिले. मग रास हातात धरून ते बोटाबोटाने ओढू लागले आणि पोरगे सांगू लागले, “आता कळलं... आता उजवीकडं म्हणालासा... आता थांब म्हणालासा.” एवढ्यावर काम भागते हे आजोबांना प्रथमच कळत होते.

दाढा कानशीने घासून झाल्या. हिरडी भरेपर्यंत गाडी बंद राहिली. पुढे पावणेचार इंचांचा लगाम आला. महिन्याने मी पुन्हा कळंब्याला गेलो, तेव्हा घोडे तलावाच्या रस्त्याने तोंड मिटून चालत होते. एका फटफटीच्या आवाजाला त्याने मान उडवली. आजोबांनी रास ताणली नाही, नुसते “हो, हो” म्हटले.

थंडी पडू लागली होती. नातू रोज लगाम धुऊन ठेवतो आणि सकाळी जोडण्याआधी ते गार लोखंड मिनिटभर आपल्या मुठीत धरतो. हे त्याला डॉक्टरांनी शिकवले नव्हते.