घर पाहावे विकून

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगत आली. जुने घर घ्यावे, डागडुजी करावी आणि वर्षा-दोन वर्षांत विकून मोकळे व्हावे, हा उद्योग मात्र गोव्यात त्या मानाने नवा. त्यात प्रथमच उतरणारे तरुण आमच्याकडे कागदपत्रे घेऊन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: जागा कोणती धरावी?

किनाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. परंतु भरतीरेषेलगतच्या निर्बंधित पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती चालते, वाढ चालत नाही; नवशिक्याचे भांडवल तेथेच अडकते. त्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील, रोज जाऊन येता येईल असे गाव बरे. सुतार आणि गवंडी मालकाची पावले ओळखतात! घर पाहावयाचे ते आषाढात. कौले कोठे गळतात, चिऱ्याच्या भिंतीत ओल किती चढते, हे मे महिन्यात कोणी सांगत नाही.

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या बाजूच्या घरांना वेगळे गिऱ्हाईक असते. मुंबईत आयुष्य गेलेल्या कुळाव्यास कुलदेवतेच्या सावलीत चार खोल्या हव्या असतात. हा ओढा खरा; पण देवळाच्या परिसरात घराखालची जमीन देवस्थानची असू शकते, आणि मग विकणाऱ्याच्या मालकीच्या केवळ भिंती. म्हणून नमुना १ व १४ चा उतारा आधी, रंगसफेदी मागाहून. विकणाऱ्याच्या पत्नीची संमती आहे काय, वडिलांच्या पश्चात वाटणीचा इन्व्हेंटरी दावा पुरा झाला काय, हेही पाहावे. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेला हा दंडक आजही दस्त अडवतो.

एका तरुणाने आम्हांस फोंड्याकडचे एक घर दाखविले. भाव आश्चर्य वाटावे इतका उतरलेला. कारण परसात होते: आंब्याखाली एक मातीचे घर, त्यात एकटी म्हातारी. तिच्या सासऱ्यापासून ते कुटुंब भाटकाराच्या संमतीने तेथे राहत आले होते.

"हिला केव्हा उठविता येईल?" त्याने विचारले.

आम्ही त्यास १९७५ चा मुंडकार कायदा वाचावयास दिला. मुंडकारास मनास येईल तेव्हा बाहेर काढता येत नाही. उलट खेडेगावात राहते घर व त्याभोवतीची जमीन, सामान्यतः ३०० चौरस मीटर, विकत घेण्याचा हक्क त्यालाच आहे. वास्तविक, तिच्यामुळेच ते परसू इतकी वर्षे रान झाले नव्हते. आम्हांस तर वाटले, घराचा खरा राखणदार तीच.

तरुण हिशेबी होता. २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पमुदतीचा ठरतो व त्यावर नेहमीच्या दराने आयकर लागतो, हेही त्याने मांडून पाहिले. तिचा भाग वेगळा मोजून, तिच्या नावे करून देऊन उरेल तेवढेच घ्यावे, असे आम्ही सुचविले. पुढच्या आठवड्यात तो मोजणीदारास घेऊन गेला. म्हातारीने दोघांना चहा दिला, आणि विहिरीची वाट तेवढी दोघांची ठेवा, म्हणाली.