हजेरी आणि शुश्रूषा

‘हजेरी’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि येथे त्याने एक अर्थ पदरचा जोडला : एखाद्याची हजेरी घेणे म्हणजे त्याला फैलावर घेणे. 2023 पासून आम्ही उभयता या दोन्ही अर्थांनी हजेरी देत आहोत.

आमचे बिऱ्हाड त्र्यंबकेश्वरी, कचेऱ्या नाशकात. अंतर सुमारे 30 किलोमीटर. आमच्यापैकी एकाच्या पायाला पोलिओमुळे कॅलिपर आहे, आणि घरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आई आहेत. मार्च 2020 नंतर तीन वर्षे आम्ही दोघांनी घरूनच काम केले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, माणसे मरत होती. परंतु आमचे एकही काम त्या काळात तटले नाही. मग आठवड्यातून तीन दिवस समक्ष येण्याचे फर्मान निघाले. धोरण सर्वांना सारखे, असे आम्हांला सांगण्यात आले. त्र्यंबकच्या पावसात ओल्या पायरीवर कॅलिपर टेकवणाऱ्याला हे ‘सारखे’ कसे लागते, हा प्रश्न त्यात बसत नव्हता.

‘शुश्रूषा’ या शब्दाचे मूळ येथे आठवते. ‘श्रु’ धातूचे ते इच्छार्थक रूप. ऐकण्याची इच्छा हा त्याचा पहिला अर्थ, सेवा हा पुढचा. घरून काम करणारा माणूस कचेरीच्या वेळेत रुग्णाचेच करीत बसतो, असा वरिष्ठांचा संशय असतो. वस्तुतः शुश्रूषेचा बराचसा भाग कान देण्याचा आहे. शेजारच्या खोलीत ठसका लागला, तर चार पावलांत उठता येणे एवढेच. नाशकातून तो ठसका ऐकू येत नाही.

2016 च्या अपंग हक्क कायद्यात ‘वाजवी सोयी’ची कल्पना आहे, पण नोकरीत ती पुरवण्याचे थेट बंधन कलम 20 सरकारी आस्थापनांवर घालते. खुद्द केंद्र सरकारने जानेवारी 2022 मध्ये अपंग व गर्भवती कर्मचाऱ्यांना हजेरीतून सूट दिली, आणि 7 फेब्रुवारीपासून कोणालाही सूट नाही असे जाहीर केले. साथ ओसरत होती हे खरे. पाय मात्र तेच होते.

2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटात काळजीचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 140 मिनिटे घालवतात, पुरुष 74. आमच्या घरातले प्रमाण याहून फार वेगळे नाही, असे आमच्यातील एकीचे मत आहे. दुसऱ्याने ते खोडलेले नाही.

तीनांऐवजी एकच दिवस यावे लागावे, असा अर्ज आम्ही दोघांनी आपापल्या कचेरीत केला आहे. एकीकडून नकार आला, दुसरीकडून अद्याप काही नाही. तोवर मंगळवार ते गुरुवार शेजारच्या काकू आपले निवडटिपण घेऊन आईंच्या खोलीत बसतात. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून खुर्ची आम्ही खाटेच्या दुसऱ्या बाजूला लावून ठेवतो.